चेंडूमागे एक ओळ

वीस-वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही डाव पुरे खेळले गेले तर २४० चेंडू पडतात. वाइड, नोबॉल धरले तर थोडे अधिकच. आपल्यासारख्या बघणाऱ्यांच्या लक्षात त्यातले चार षटकार आणि दोन झेल राहतात, बाकीचे चेंडू चहा-चिवड्याबरोबर निघून जातात. माझा एक जुना विद्यार्थी मात्र त्या प्रत्येक चेंडूवर एक ओळ लिहितो. बहुतेक दिवस कन्नडमध्ये, काही दिवस मराठीत. मोबाईलवर धावफलक बघणारे लोक ती वाचतात, त्याला त्याचे पैसे मिळतात आणि त्या पैशांवर वडगावातलं चार माणसांचं घर चालतं.

घर चालतं म्हटलं तरी लोकांना ते पटत नाही. त्याच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा गोकाककडच्या एका मुलीच्या मामांनी चौकशीसाठी मला फोन केला. आपल्या भागात अजून ही पद्धत आहे, मुलाची खरी माहिती त्याच्या शिक्षकांकडून काढायची. मामा म्हणाले, "मॅडम, हुडगा चांगला आहे म्हणतात सगळे. पण करतो काय? रात्रभर खोलीत लाईट असतो म्हणे."

"लिहितो," मी म्हटलं.

"काय लिहितो?"

"क्रिकेटवर लिहितो."

"क्रिकेट खेळतात की हो मॅडम. लिहितात काय?"

मग मी त्यांना जमेल तसं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी मुद्द्याचा प्रश्न विचारला, "पगार एष्ट रि?" मॅच असेल तसा, असं उत्तर द्यावं लागलं. "आणि मॅच नसली तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते स्थळही पुढं सरकलं नाही.

हा मुलगा मराठी घेऊन बी.ए. झाला. वडील मराठी, आई कन्नड. माझं स्वतःचं माहेर मराठी आणि सासर कन्नड असल्यामुळे असल्या मुलांकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. वर्गात निबंध दिला की हा हमखास खेळावर आणायचा. दिवाळीवर लिहा म्हटलं तरी दिवाळीच्या सुट्टीतली टेनिस बॉलची स्पर्धा यायचीच. त्याला उत्तेजन म्हणून मी फारसं काही केलं नाही, फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासून देत असे.

मागे त्याच्या वडिलांना बरं नव्हतं म्हणून घरी गेले होते. खाली माग, वर त्याची खोली. मागाचा खडखडाट दुपारभर चालू. खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप, दोन मोबाईल, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, इन्व्हर्टर आणि आईनं भरून ठेवलेला चहाचा थर्मास. सामना चालू होता, पण मी बसले तरी चालेल म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा मी हे काम कसं चालतं ते नीट बघितलं.

दुसऱ्या शहरात बसलेला एक जण नुसते आकडे भरत असतो. गोलंदाज कोण, फलंदाज कोण, किती धावा. ते भरले की ह्याच्यासमोर एक रिकामी चौकट उघडते. तिच्यात ह्यानं लिहायचं, चेंडू कुठं टप्पा पडला, फलंदाज पुढं आला की मागं गेला, चेंडू कुठं गेला, कुणी अडवला. वेगवान गोलंदाज असेल तर तो परत आपल्या धावपट्टीच्या टोकाला चालत जाईपर्यंतचा वेळ मिळतो. फिरकी गोलंदाज आला की तेवढाही नाही. फिरकीवाले दोन्ही टोकांनी लागले की जेवणाचं ताट तसंच राहतं, असं त्याच्या आईचं म्हणणं. एक षटक संपून दुसरं सुरू होईपर्यंत तो पाणी प्यायचा. आता आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिथंही घड्याळ आलं. ६० सेकंदांच्या आत पुढचं षटक सुरू करायचं, हा नियम डिसेंबर २०२३ मध्ये अजमावून बघितला आणि २०२४ मध्ये कायम केला. खेळ वेगवान झाला म्हणून प्रेक्षक खूष. वडगावातल्या एका खोलीत पाण्याचा तांब्या आता डाव्या हाताला ठेवलेला असतो.

कामाच्या वेळा कुठल्या देशात सामना आहे त्यावर. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो आणि संपून, शेवटचा मजकूर देऊन, उठेपर्यंत मध्यरात्र. भारतीय संघ २०२४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात होता तेव्हा मेलबर्नची कसोटी आपल्याकडच्या पहाटे पाचला सुरू व्हायची. पर्थची सात पन्नासला. कसोटीत दिवसाला ९० षटकं म्हणजे ५४० चेंडू. "मॅडम, पुजारा खेळत नव्हता ते बरं," तो गमतीनं म्हणाला होता, "त्यानं सोडलेल्या प्रत्येक चेंडूवर नवीन काय लिहायचं?" मला यात गंमत वाटली खरी, पण भाषेच्या शिक्षिकेला तो प्रश्न गंभीरही वाटला. 'ऑफ स्टंपच्या बाहेर, सोडून दिला' हे वाक्य दिवसात शंभर वेळा लिहायचं आणि वाचणाऱ्याला शंभर वेळा तेच वाटू द्यायचं नाही. आमच्या एम.ए.च्या मुलांना मी अशी परीक्षा घातली तर निम्मे वर्गाबाहेर जातील.

शब्दांची गोष्ट निघाली म्हणून सांगते. दोन भाषांच्या घरात वाढल्याचा खरा उपयोग ह्याला इथं झाला. चेंडू मराठीत चेंडू आणि कन्नडमध्येही चेंडूच. शतक दोन्हीकडं शतक. पण कर्णधाराचा तिकडं नायक होतो, संघाचं तंड होतं. मराठी कानाला 'तंड' म्हटलं की तांडा आठवतो, आणि कन्नड कानाला 'संघ' म्हटलं की सहकारी सोसायटी. फलंदाज तिकडं दांडिग. हा शब्द मला आपल्यापेक्षा जास्त आवडतो, त्यात दांडपट्ट्याचा नाद आहे. आपल्याकडं मात्र बाद होण्याच्या शब्दांची श्रीमंती मोठी. त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत, धावचीत. हे 'चीत' आलं कुठून? आखाड्यातून. पाठ मातीला लागली की पैलवान चीत. इंग्रजांचा खेळ घेतला, पण हरवलेल्या गड्याला आपण आपल्याच मातीत पाडलं. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीत समालोचन करायचे तेव्हा माझे वडील रेडिओला कान लावून हे शब्द ऐकत. आमच्या घरी आईला कुणी बोलण्यात गप्प केलं की "त्रिफळा उडाला" म्हणायची पद्धत पडली होती.

आणि सामन्याला कन्नडमध्ये म्हणतात पंद्य. त्या शब्दाचा दुसरा अर्थ पैज. तो अर्थ ह्या गोष्टीत पुढं येणार आहे.

नावांचं तर विचारूच नका. इंग्रजी लिपीत 'ळ' नाही. अनिल कुंबळे यांचं नाव आपल्याकडं आणि कन्नडमध्ये 'ळ' घेऊनच लिहितात, पण हिंदीवरून उचललं की 'कुंबले' होऊन येतं. १९९९ साली दिल्लीत ७४ धावांत पाकिस्तानचे दहाच्या दहा बळी घेतले तरी त्या माणसाच्या नावातला 'ळ' काही हिंदीला बाद करता आला नाही, किंवा उलट म्हणा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला नेमबाजीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. त्या दुपारी ह्याला कन्नड आणि मराठी दोन्ही मजकूर द्यायचे होते. इंग्रजीतून आलेल्या बातमीवरून काही जण 'कुसाले', 'कंबलवाडी' असं लिहून मोकळे झाले. ह्यानं आधी राधानगरी तालुक्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, गावाचं नाव अक्षर न् अक्षर विचारून घेतलं आणि मग लिहिलं. मजकूर दहा मिनिटं उशिरा गेला, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. मला विचाराल तर ज्या मुलानं पदक आणलं त्याच्या गावाचं नाव नीट लिहायला दहा मिनिटं काही जास्त नाहीत.

आता यंत्रं अनुवाद करतात. अमेरिकेत असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था २०१६ पासून बेसबॉलच्या छोट्या लीगच्या बातम्या यंत्राकडून लिहून घेऊ लागली. ती लाट इकडं यायला वेळ लागला, पण आली. ह्याला मधूनमधून यंत्रानं केलेला मराठी मजकूर तपासायला देतात, अर्थात कमी पैशांत. त्यात 'फाइन लेग'ला 'छान पाय', 'सिली पॉइंट'ला 'मूर्ख बिंदू' आणि 'नाइट वॉचमन'ला 'रात्रीचा पहारेकरी' सापडलेले आहेत. आम्ही त्या दिवशी स्टाफरूममध्ये डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तो हसला नाही. "मॅडम, दर महिन्याला चुका कमी होत चालल्यात," एवढंच म्हणाला.

खेळावर लिहून पोट भरणं ही आपल्याकडं नवीच गोष्ट आहे. माझे वडील वर्तमानपत्र शेवटच्या पानावरून वाचायला सुरुवात करत. मुंबईचा महाराष्ट्र टाइम्स त्यांच्या एका मित्राकडं येई आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडं. त्यात वि. वि. करमरकर यांचं खेळाचं पान. मराठी वर्तमानपत्रात खेळाला स्वतःची जागा आणि मान मिळवून दिला तो त्यांनी. २०२३ च्या मार्चमध्ये ते गेले. पण करमरकरांसारखे पूर्ण वेळ खेळाचे संपादक किती? द्वारकानाथ संझगिरी यांचं क्रिकेटवरचं लिखाण घराघरांत वाचलं गेलं, आणि ते मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. पगार पुलांचा आणि रस्त्यांचा, हौस क्रिकेटची. २०२५ च्या फेब्रुवारीत तेही गेले. इंग्लंडचे नेव्हिल कार्डस तर १९१९ साली आजारातून उठले होते, मोकळ्या हवेत बसायला मिळावं म्हणून त्यांच्या वर्तमानपत्रानं त्यांना क्रिकेटच्या मैदानावर पाठवलं, आणि तिथून क्रिकेटच्या साहित्याची एक अख्खी परंपरा सुरू झाली. म्हणजे खेळावर लिहिणं हे एक तर जोडीचं काम किंवा बरं वाटावं म्हणून केलेलं काम. माझ्या ह्या विद्यार्थ्यानं तेवढंच काम धरलं आणि त्यावर घर टाकलं, हे त्याचं धाडस.

पैसे सामन्यामागे ठरलेले. ही पद्धत त्याच्या वडिलांना पहिल्या दिवशीच समजली, कारण त्यांची मजुरी साडीमागे. साडी उतरली तर पैसे, सूत तुटून माग थांबला तर नाही. ह्याचंही तसंच. पावसानं सामना रद्द झाला की अर्धे पैसे, कधी तेही नाहीत. कॉलेजातले आमचे अतिथी उपन्यासक तासावर राबतात आणि सुट्टीत घरी बसतात, त्यांनाही ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यावर आई दुधाच्या खाड्यांची नोंद करते, त्याच चौकोनात सामना असेल तर लाल पेनानं गोल. एप्रिल-मे लालबुंद. २०२२ पासून आयपीएलमध्ये दहा संघ झाले, तेव्हापासून दोन महिन्यांत ७४ सामने. जुलैच्या पानावर कधी कधी चारच गोल असतात. त्या महिन्यात किराणा दुकानदाराची वही उघडते.

ह्या खाचेत एक दुसरं काम येऊन बसलं, आणि खरा पैसा त्यात होता. मोबाईलवर पैसे लावून आपला अकरा जणांचा संघ करायचा, त्यातला एक कर्णधार, त्याचे गुण दुप्पट, एक उपकर्णधार, त्याचे दीडपट. आपण निवडलेले खेळाडू चालले तर पैसे जिंकायचे, नाही चालले तर गेले. हे खेळणाऱ्यांना नाणेफेकीच्या आधी वाचायला काहीतरी हवं असतं. खेळपट्टी कशी, कुणाला दुखापत, कोण बाहेर बसणार, कर्णधार कुणाला करावं. ह्याच्याकडं तो मजकूर आला. एका संध्याकाळी अडीचशे ओळी लिहून जे मिळायचं, जवळजवळ तेवढंच असल्या दोन-तीन टिपणांचं मिळायचं, आणि एक टिपण लिहायला तासभर पुरे. दोन वर्षांत घरावर पत्रे जाऊन स्लॅब आला.

त्याच सुमाराला आमच्या कॉलेजातला बी.कॉम.चा एक मुलगा परीक्षेची फी भरायला आला नाही. तारीख गेली, दंडाची तारीखही जवळ आली. मी वर्गाची जबाबदार शिक्षिका म्हणून घरी निरोप पाठवला तर आई आली. तिनं फीचे पैसे कधीच मुलाच्या हातात दिले होते. भाजी विकून साठवलेले. मुलाला समोर बसवलं तेव्हा तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, "कॅप्टन चुकला मॅडम." आईला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. ती माझ्याकडं बघत होती, की कुठला कॅप्टन, एनसीसीचा काय?

फी स्टाफनं वर्गणी करून भरली, ते सोडा. पण त्या आठवड्यात मी वडगावला गेले आणि ह्याला सरळ विचारलं. तो उठून दार लोटून आला. खाली वडील मागावर होते. म्हणाला, "मॅडम, 'हा खेळेल' एवढंच मी लिहितो. 'पैसे लावा' असं मी आजपर्यंत एकदाही लिहिलेलं नाही." मी काही बोलले नाही. मग त्यानंच म्हटलं, "पण लावणारेच वाचतात, हे खरं आहे."

मी त्याला ते काम सोड म्हणाले नाही. सोड म्हणायला मला दरमहा एक तारखेला पगार मिळतो, त्याला नाही. पण त्याचं उत्तर मला पुरेसंही वाटलं नाही. खेळपट्टी कशी आहे हे शेतकऱ्याला पावसाचा अंदाज सांगितल्यासारखं सांगता येतं, हे मान्य. मात्र अंदाज सांगणाऱ्याला त्याचा पैसा पेरणाऱ्याच्या खिशातून मिळत असेल तर जरा थांबून विचार करायला हवा. त्या दिवशी पंद्य या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या खोलीत होते.

कर्नाटकानं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये असल्या खेळांवर बंदीचा कायदा आणून बघितला होता. २०२२ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयानं त्यातल्या तरतुदी रद्द केल्या. तेवढ्या चार महिन्यांत ह्याच्यासारख्यांच्या कामाला खंड पडला आणि पुन्हा जोर आला. मग २०२५ चा ऑगस्ट. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत विधेयक संमत झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, त्यांच्या जाहिरातीही बंद. मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ थांबवले. सप्टेंबरमधल्या आशिया चषकात भारतीय संघ छातीवर कुठल्याच प्रायोजकाचं नाव न घेता खेळला, ते आपण सगळ्यांनी बघितलं. त्या रिकाम्या जर्सीबद्दल वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. वडगावातल्या कालनिर्णयावर काय झालं त्याबद्दल कुठं छापून यायचं कारण नव्हतं. टिपणांचं काम एका निरोपात संपलं. ओळींचं राहिलं, पण जाहिराती आटल्या म्हणून त्याचाही दर उतरला.

मला हा कायदा हवा होता. भाजी विकणाऱ्या त्या आईचा चेहरा आठवला की आजही हवा आहे असंच म्हणेन. आणि त्याच आठवड्यात एका घराचं उत्पन्न निम्म्यावर आलं हेही मला ठाऊक आहे. दोघंही माझेच विद्यार्थी.

ह्या कामात आनंदाच्या रात्री नाहीत असं नाही. २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तो सामना पावसामुळे उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालला. सांगलीची स्मृती मानधना म्हणजे आपल्या शेजारचीच. त्या रात्री आमच्या घरी सासूबाई कन्नडमध्ये आणि मी मराठीत ओरडत होते. ह्यानं शेवटच्या बळीवर जी ओळ लिहिली ती मी दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवली. साधी होती, त्यात एकही विशेषण नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. महाराष्ट्र सरकारनं आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी जाहीर केले, कर्नाटकानं आपल्या दोघांना पाच लाख, आणि त्या दोघांनी ते घ्यायला नकार दिला. ही बातमी ह्यानं कन्नडमध्येही लिहिली आणि मराठीतही. सीमेवरच्या माणसाला एकच बातमी दोन भाषांत लिहिताना किती जपून लिहावी लागते, ते आपल्या वाचकांना मी काय सांगू.

पण एक रात्र आणि त्यानंतरचा एक दिवस वेगळा. ३ जून २०२५. अहमदाबादला बंगळूरनं पंजाबला सहा धावांनी हरवलं. अठरा वर्षांनी पहिल्यांदा चषक. आपल्या गावात निम्मी घरं मुंबई इंडियन्सची, निम्मी आरसीबीची, आणि काही घरांत तर जेवणाचं टेबलच मधून विभागलेलं. त्या रात्री मुंबईवाल्यांनीही फटाके उडवले. हा स्वतः लहानपणापासूनचा आरसीबीचा. शेवटची ओळ लिहून त्यानं मला रात्री एकला संदेश पाठवला, फक्त "मॅडम" एवढाच.

दुसऱ्या दिवशी बंगळूरला संघाच्या स्वागताचा मजकूर त्याच्याकडंच होता. टीव्हीवर बघून दर दहा मिनिटांनी दोन ओळी. गर्दी जमते आहे, झेंडे आहेत, मुलं झाडांवर चढली आहेत. दुपारनंतर चिन्नास्वामी मैदानाच्या दारांबाहेरची दृश्यं बदलली. त्या चेंगराचेंगरीत अकरा माणसं गेली. बहुतेक तरुण. आपण चेंगराचेंगरी म्हणतो, कन्नडमध्ये काल्तुळित म्हणतात, पायांखाली तुडवणं. तो म्हणाला, हा शब्द त्यानं खेळाच्या मजकुरात त्याआधी कधी टाइप केला नव्हता. त्याचा मावसभाऊ बंगळूरला नोकरीला होता आणि तासभर फोन लागत नव्हता. एका हातानं फोन लावत दुसऱ्या हातानं ओळी. भाऊ शेवटी ऑफिसातच सापडला, तो गेलाच नव्हता. मग ह्यानं सकाळपासूनच्या आपल्या सगळ्या ओळी पुन्हा उघडल्या आणि एकेका ओळीतून 'जल्लोष' काढत बसला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे पैसेही नव्हते.

दर उतरल्यापासून त्यानं एक जुनं काम पुन्हा धरलं आहे, कुस्तीचं. गावोगावच्या जत्रांतल्या मैदानांची बातमी. तिथं टीव्ही नाही, आकडे भरणारा नाही, पुन्हा दाखवत नाहीत. हलगी वाजत असते, धूळ उडत असते, आणि घिस्सा लागला की एकेरी पट निघाला हे आपल्याच डोळ्यांनी आणि एकदाच बघायचं. डाव चुकीचा छापला तर वस्ताद शोधत येतात. आनंदवाडीच्या आखाड्याजवळ लहानाचा मोठा झालेला मुलगा, त्याला डाव ओळखता येतात. शिवाय जोडीच्या क्रमानं पन्नास-साठ पैलवानांची नावं, गावं, वस्तादांची नावं. सगळी 'ळ'सकट. मी त्याच्या वहीचं एक पान बघितलं. नखाएवढ्या अक्षरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आणि मातीचे डाग.

पैसे थोडेच मिळतात. परवा एका गावच्या जत्रा कमिटीनं मात्र शेवटच्या कुस्तीनंतर त्याला आखाड्यात बोलावून फेटा बांधला, शाल दिली आणि हातात नारळ दिला. घरी आल्यावर आईनं तो देवापुढं ठेवला. वडील मागावरून उठून आले, नारळाकडं बघितलं आणि म्हणाले, "ऑगस्टात कंपनीनं दिला तो वेगळा आणि हा वेगळा." मग त्यांनीच तो फोडला. चटणीला झाला म्हणे.